खत कुणाच्या रानाचं?

रानाला खत किती घालावं हा हिशोबाचा प्रश्न आहे, असं कुणीही म्हणेल. मला तो बऱ्यावाईटाचाही वाटतो. आमच्या बोरी बुद्रुकला पाणी आलं, त्यामागून ऊस, कांदा, टोमॅटो आले, आणि ज्याच्या गाठीला पैसा तो ट्रॉल्यांवर ट्रॉल्या खत ओतायला लागला. शेणखत काही विष नाही, मग जास्त झालं तर बिघडलं कुठं, असं लोक विचारतात. युरिया फेकणाऱ्याला चार शब्द ऐकवणारी माणसंसुद्धा शेणाच्या ढिगापुढं गप्प बसतात.

बिघडतं ते असं. घातलेलं खत आधी मातीतले जिवाणू खातात. त्यांनी कुजवून मोकळं केलेलं मग मुळाला मिळतं. अर्धकच्चं, काडीकचऱ्याचं खत भारंभार घातलं, की ते कुजवायला हे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. वर हुमणी येते ती वेगळीच. कोंबडखताची तऱ्हा उलटी. त्यात नत्र शेणखताच्या कितीतरी पट, आणि ते भराभर सुटतं. कांद्याची पात माजते, मान जाड राहते आणि माल चाळीत सडतो. कांद्याला हेक्टरी 20 ते 25 टन शेणखताची शिफारस असते, ती काही कुणी कंजूसपणानं केलेली नाही. त्यापुढं खत वाढवत नेलं म्हणून उत्पन्न त्या मापानं वाढत नाही. वर्षानुवर्षं ढीग पडले की मातीत स्फुरद साठतं, आणि मुळाला स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी कमी होत जाते. आयतं ताट समोर आल्यावर चुलीकडं कोण जातंय!

आमच्या शिवारात कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो बघायला लांबलांबचे अभ्यासक येतात. राख हजारो वर्षं पडून राहिली. खताचं तसं नसतं. आपल्या उन्हात ते लवकर संपतं, आणि पिकाला न लागलेलं नत्र पाण्याबरोबर खाली उतरतं. ते विहिरीत जातं. विहीर आपली असली तरी खालचं पाणी बांध मानत नाही.

इंग्लंडात रोथॅमस्टेडला जवाच्या एका तुकड्यात 1852 पासून 1871 पर्यंत दरसाल हेक्टरी 35 टन शेणखत घातलं आणि मग थांबवलं. कधीच खत न मिळालेल्या तुकड्यापेक्षा तिथं अजूनही सेंद्रिय कर्ब जास्त आहे. घालणारा गेला, त्याचे पणतू गेले, देणं उरलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण तिथंच गव्हाच्या रानात 1843 पासून दरसाल तेवढंच खत घालत आलेत, तर त्या तुकड्यातून पाण्याबरोबर वाहून जाणारं नत्रही भरपूर आहे.

आणि ते खत आलं कुठून? शेण कुणाच्या तरी रानातल्या वैरणीचंच असतं. आमच्या दावणी रिकाम्या झाल्यात. ट्रॉल्या येतात पठारावरच्या कोरडवाहू गावांतून. तिथल्या माणसाला रोकड लागते म्हणून तो उकिरडा विकतो, त्यात त्याचा काय दोष? पण त्याची बाजरी बिनखताची राहते, आणि तेच खत आमच्याकडं गरजेच्या वर पडून विहिरीत उतरतं. आम्ही रोख पैसे मोजले, हे खरं. तेवढ्यानं प्रश्न मिटतो असं मला वाटत नाही. पठारावर एक ट्रॉली जे करील ते इथं दहावी ट्रॉली करत नाही.

मेंढ्या बसवणाऱ्या धनगराला हे शाळेत न जाता कळतं. तो वाघूर रोज सरकवतो. एकाच जागी चार रात्री मेंढ्या बसल्या तर तिथली बाजरी माजून लोळते. मागं एका मळेकऱ्यानं जास्त पैसे देऊन आठ दिवस कळप अडवायचं म्हटलं होतं. धनगर म्हणाला, "नाय जमायचं दादा, पुढच्या रानाला शबुद दिलाय," आणि सकाळी मेंढ्या हाकून गेला.