‘मी बरा आहें’ : वृद्धाच्या साक्षीचें मोल

उपासना संपल्यावर मंदिराच्या दारांत आपण वृद्ध मंडळींस विचारतों, ‘कसें काय, बरें आहे ना?’ आणि बहुधा उत्तर येतें, ‘प्रभूच्या कृपेनें बरें आहे.’ हें उत्तर उपकारस्तुति आहे कीं प्रकृतीचें वर्तमान आहे, याचा विचार विचारणारा करीत नाहीं व सांगणाराही करीत नाहीं. दुखणें बोलून दाखविणें म्हणजे विश्वासाची उणीव, अशी समजूत आपल्या मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणीं आढळते. आमच्या मतें ती खरी नव्हे. स्तोत्रकर्त्यांनीं आपल्या हाडांचें व डोळ्यांचें दुःख देवापुढें मांडण्यास संकोच केला नाहीं. परंतु आजचा प्रश्न याहून अवघड आहे. वृद्ध मनुष्य स्वतःविषयीं जें सांगतो तें खरें मानावें काय? आणि त्याची स्मृति मंद होऊं लागल्यावरही मानावें काय?

पहिल्या प्रश्नाचें संशोधकांनीं दिलेलें उत्तर नवल वाटण्यासारखें आहे. कॅनडा देशांतील मॅनिटोबा प्रांतांत मॉसी व शापिरो या दोघांनीं ६५ वर्षांवरील लोकांनीं आपल्या प्रकृतीविषयीं काय सांगितलें होतें तें घेतलें, व पुढें त्यांचें काय झालें तें पाहिलें. १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ‘वाईट’ म्हणणाऱ्यांस लवकर मृत्यु येण्याचा संभव ‘उत्तम’ म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. आणि डॉक्टरांच्या दप्तरांत नोंदलेले रोग जमेस धरूनही हा फरक उरला. म्हणजे डॉक्टरास न दिसणारें कांहीं तरी त्या मनुष्यास आंतून जाणवत होतें. आईच्या ‘मला बरें वाटत नाहीं’ या शब्दांस ‘वयच झालें, चालायचेंच’ असें म्हणून उडवून लावणाऱ्या मुलांसुनांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आपल्या देशांतही हा प्रश्न हजारों घरीं विचारला गेला आहे. मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपरापासून फार दूर नसलेल्या देवनार येथें, १९५६ सालीं स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनें २०१७-१८ सालीं इतर संस्थांच्या साहाय्यानें भारतभर ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक लोकांची पाहणी केली. प्रकृति कशी आहे हें विचारलें, आणि दहा शब्द ऐकवून त्यांतील किती आठवतात हेंही पाहिलें. याच कार्याच्या एका शाखेंत साठीपुढील ४,००० हून अधिक जणांची बारकाईनें परीक्षा झाली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अनुमानाप्रमाणें साठीपुढील दर शंभरांत सुमारें सात जणांस स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशांत अदमासें ८८ लक्ष. आणि त्याचें प्रमाण शहरापेक्षां खेड्यांत व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आहे.

या परीक्षेंत केवळ वृद्धास विचारून थांबले नाहींत; त्याच्या जवळच्या माणसासही विचारलें. खरी गांठ येथेंच आहे. गुडघा दुखतो हें मनास कळतें, पण मनच दुबळें झालें तर तें कोणास कळावें? काट्यालाच खोट आली तर वजन कशानें करावें? १९१४ सालीं पॅरिस येथील बाबिन्स्की या वैद्यानें असे रोगी वर्णिले कीं, ज्यांचें अर्धें अंग लुळें पडलें असून त्यांस त्याची जाणीवच नव्हती. ते लबाडी करीत नव्हते. विसरूं लागलेले आजोबा ‘मला सर्व आठवतें’ असें म्हणतात, तेंही खोटें बोलणें नव्हे.

स्मृतिभ्रंशाच्या अलीकडे एक पायरी आहे. तीवर असलेला मनुष्य स्वयंपाक करितो, बाजार करितो, प्रार्थनाही करितो. परंतु एकच गोष्ट तीनदां विचारतो व दूधवाल्यास दोनदां पैसे देतो. या पायरीवरील सर्वच जण खालीं घसरतात असें नाहीं. कित्येक तेथेंच राहतात, व कित्येक परत वर येतात. कारण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा विकार, मनाची खिन्नता, एखादें झोपेचें औषध, यांमुळेंही विस्मरण होतें, व त्यांवर उपाय आहेत. केवळ कमी ऐकूं आल्यामुळें विसराळू ठरलेली माणसेंही थोडीं नाहींत.

स्थळाचाही विचार केला पाहिजे. आपल्या गांवांतून कित्येक वृद्ध आईबाप मुलांकडे मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथें जातात. गांवांत वडील वाट चुकले तर कोणाचा तरी मुलगा त्यांस हात धरून घरीं आणितो. त्यांच्या स्मृतीचा अर्धा भार गांवच वाहतो, आणि दुबळेपण झांकून जातें. मुलुंडास सर्व इमारती सारख्या, सर्व मजले सारखे. लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरून ते परक्याची घंटी वाजवितात. वडील म्हणतात, ‘मी बरा आहें, मला गांवीं पोंचवा.’ मुलगा म्हणतो, ‘यांना कांहीं कळत नाहीं.’ दोघांसही निम्मेंच दिसत आहे.

साक्ष अपुरी असली म्हणून ती रद्द होत नाहीं. येथें एक कठोर गोष्ट बोलणें प्राप्त आहे. जेवण, औषध, राहण्याचें ठिकाण, यांविषयीं ज्या बापास कांहीं कळत नाहीं असें घर म्हणतें, त्याच बापाची समजूत जमिनीच्या कागदावर अंगठा घेण्याच्या दिवशीं एकाएकीं शाबूत ठरते! इसहाकाच्या घरीं असेंच झालें. त्याची दृष्टि मंद झाली होती, तरी आवाज त्यानें बरोबर ओळखला होता. त्यास फसविलें तें त्याच्याच स्वयंपाकघरांतून.

मग मुलानें काय करावें? स्वयंपाकघरांत कुजबुजूं नये. समोर बसून सांगावें, ‘बाबा, काल तुम्ही दूधवाल्यास दोनदां पैसे दिले. आपण डॉक्टरांकडे जाऊं, मीही बरोबर येतों.’ वडील रागावतील, कदाचित् रडतील. तरी लपवाछपवीपेक्षां हें बरें. आणि पुढें कोठें राहावें, पैसा कोणीं सांभाळावा, हें त्यांस उत्तर देतां येतें तोंवरच विचारून ठेवावें.

कालेबानें ८५ व्या वर्षीं आपली शक्ति पूर्वीसारखीच असल्याचें सांगितलें, व यहोशवानें त्यास हेब्रोन दिलें. ८० वर्षांच्या बर्जिल्लयानें याच्या उलट सांगितलें. राजा दावीद त्यास यरुशलेमेस नेऊन पोसणार होता; परंतु आपणांस अन्नाची चव कळत नाहीं, गाणें ऐकूं येत नाहीं, बरेंवाईट निवडतां येत नाहीं, म्हणून आपण राजावर भार होऊं, असें म्हणून त्यानें किम्हामास पुढें केलें आणि आपल्या आईबापांच्या कबरेजवळ मरण्याकरितां परत जाऊं देण्याची विनंति केली. राजानें वाद घातला नाहीं. किम्हामास बरोबर घेतलें, म्हाताऱ्याचें चुंबन घेऊन त्यास आशीर्वाद दिला, आणि तो आपल्या गांवीं परत गेला.