तारेचा पैसा आणि धड्याचा पैसा

इंटरनेटवर मुलांनीं कसें वागावें, कोणावर विश्वास ठेवावा व संकट ओढवलें असतां कोणाकडे धांव घ्यावी, हें शिकविण्यासाठीं सार्वजनिक पैसा खर्च करावा काय, असा प्रश्न सुशिक्षित मंडळींत निघाला म्हणजे एक उत्तर हटकून ऐकूं येतें. ज्यानें मुलाच्या हातीं मोबाईल दिला त्यानेंच मुलाला सांभाळावें. दुसऱ्याच्या मुलाच्या शहाणपणासाठीं आम्हीं कर कां भरावा? सकृद्दर्शनीं हें म्हणणें न्यायाचें दिसतें, आणि पुष्कळ दिवस आम्हांसही तें तसेंच वाटत होतें, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

हा युक्तिवाद आपल्याकडे अगदींच नवा नाहीं. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत आणिलें, तेव्हां पैसा कोठून आणावा हा आक्षेप ठळकपणें पुढें आला, आणि पुढल्या वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं नापास झालें. आज प्राथमिक शाळेचा खर्च सरकारनें करूं नये असें म्हणणारा गृहस्थ शोधून सापडावयाचा नाहीं. परंतु त्याच गृहस्थाला, शाळेच्या वेळापत्रकांत हा एक विषय वाढला कीं, आईबापांच्या कर्तव्याची आठवण होते.

तें कर्तव्य कोणी नाकारीत नाहीं. पण हा व्यवहारच असा आहे कीं त्यांत एका घरची शिकवण पुरी पडत नाहीं. आपल्या मुलीला आपण कितीही जपलें, तरी तिचें चित्र वर्गभर फिरविणारा मुलगा दुसऱ्या घरचा असतो, आणि त्याला कोणी कांहीं शिकविलें कीं नाहीं हें आपल्या हातीं नसतें. देवीच्या रोगाचें निर्मूलन घरोघरच्या सावधगिरीनें झालें नाहीं. शेजाऱ्याच्या मुलालाही टोंचलें म्हणून आपलें मूल वांचलें.

आमचें मत बदललें तें मात्र युक्तिवादानें नव्हे. दोन वर्षांपूर्वीं आमच्या गांवच्या एका शाळेंत या विषयावर व्याख्यान झालें. शाळेपाशीं पैसा नव्हता, म्हणून एका कंपनीनें फुकट पाठविलेला वक्ता बोलला, पुस्तिका वांटल्या गेल्या, आणि अध्यक्षस्थानीं आम्ही होतों. समारोपांत आम्हीं उपदेश केला कीं, चांगल्या घरच्या मुली आपलें चित्र परक्याला पाठवीत नाहींत. टाळ्या झाल्या. समोर बसलेल्या मुलींत आमच्या शेजारची एक तेरा वर्षांची मुलगी होती. तिनें तसें चित्र आठ दिवसांपूर्वींच एकाला पाठविलें होतें, आणि तो धमक्या देऊं लागला होता. ती आईला सांगण्याच्या बेतांत होती. आमचें भाषण ऐकून तिनें तोंड मिटलें तें तीन महिने. पुढें तिच्या आईनें हें आम्हांस सांगितलें, तेव्हां तिच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. चूक झाली तरी सांगतां येतें, आणि कोणाला सांगावें, एवढेंच त्या मुलीला कळावयास हवें होतें. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक १९९६ सालीं मुंबईंतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका उपक्रमांतून सुरू झालेला. त्या दिवशीं व्यासपीठावरच्या एकाच्याही तोंडून तो निघाला नाहीं.

फुकटचा धडा असाच असावयाचा. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानें अमेरिकेंतील शाळांना व ग्रंथालयांना इंटरनेटची जोडणी सवलतीनें मिळूं लागली. तिला ई-रेट म्हणतात. तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणींतून उभा राहतो, आणि कंपन्या ती वर्गणी बहुधा ग्राहकांच्या बिलांत चढवितात. २००८ सालीं कायद्यानें या सवलतीला एक अट जोडली: ऑनलाइन जगांत कसें वागावें व तेथील छळाला कसें तोंड द्यावें, हें शाळेनें मुलांना शिकवावें. अट चांगली, पण सवलतीचा पैसा तारेला आणि यंत्रांना मिळतो, शिकविणाऱ्याच्या वेळाला मिळत नाहीं. शाळेनें शिकविल्याचा दाखला द्यावा आणि खर्चाचें आपलें आपण पाहावें. दाखला देणें सोपें, शिकविणें कठीण. मग काय होत असेल हें ज्यांनीं शाळा चालविल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

आपल्याकडेही कंपन्यांच्या उत्पन्नावरील आकारणींतून असाच निधि आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्यास डिजिटल भारत निधि असें नांव मिळालें, आणि ग्रामपंचायतींपर्यंत तार नेणारी भारतनेट योजना त्याच्याच बळावर उभी आहे. खेड्यांतल्या मुलाच्या दारीं तार नेण्यास लोकांचा पैसा खर्चणें योग्य, पण त्या तारेवरून काय काय येईल हें त्याला सांगण्यास तो खर्चणें अयोग्य, हा भेद आम्हांस तरी समजत नाहीं.

कोणी म्हणेल, मग कंपन्यांनींच शिकवावें. पैसा त्यांचा जरूर घ्यावा. धडा त्यांचा घेऊं नये. मूल जितका वेळ पडद्यापुढें बसेल तितका ज्यांचा नफा, ते पासवर्ड कसा निवडावा हें शिकवितील. पडदा हातांतून खालीं कां ठेववत नाहीं हें शिकविणार नाहींत. त्या पुस्तिकेंतही हें प्रकरण नव्हतें. सरकारी धड्याचेंही भय आहेच. धड्याचें आज्ञापत्र होण्यास वेळ लागत नाहीं. ऑस्ट्रेलियानें २०२४ मध्यें कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातें ठेवूं न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, व १० डिसेंबर २०२५ पासून ती अमलांत आली. त्या उपायाचें आम्हांस वावडें नाहीं. पण सोळावें वर्ष सर्वांनाच लागतें, आणि त्या दिवशीं शहाणपण आपोआप येत नाहीं.

यंदा त्याच शाळेनें आम्हांस पुन्हां अध्यक्षपदासाठीं पाचारण केलें. वक्ता पुन्हां फुकट मिळाला होता. आम्हीं नम्रपणें नकार कळविला, आणि आठवड्यांतून दोन तास केवळ मुलांचें ऐकून घेण्यासाठीं एखाद्या शिक्षकाला मोकळें ठेवावयाचें झाल्यास वर्षाला किती खर्च येईल, तें विचारलें. मुख्याध्यापकांनीं आंकडा तत्परतेनें कळविला. तो फार नाहीं. खालीं त्यांनीं एवढेंच लिहिलें होतें: "हा खर्च कोणत्या खात्यावर घालावा, तें कृपया कळवावें."