उपदेशकाच्या घरची विहीर



गेल्या चैत्रात द्वादशीच्या सकाळी पंचगंगेच्या घाटावर स्नान उरकून आम्ही पायऱ्या चढत होतो. वाटेत एक माळकरी गृहस्थ भेटले. करवीर तालुक्यातलेच, उसाची शेती. पाया पडून म्हणाले, "महाराज, धाकटा भाऊ दोन वर्सं बोलत न्हाई. हातभर बांधावरनं. कोर्टात जावं म्हणतोय. तुम्ही काय सांगतासा?"

आम्ही तेथेच बसून तुकोबांची कथा लावली. 1630 च्या आगेमागे दुष्काळ पडला. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, दुकान बुडाले. पुढे मन विटल्यावर तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खते बाहेर काढली. निम्मी भाऊ कान्होबांच्या वाट्याची त्यांना दिली आणि आपली निम्मी इंद्रायणीत सोडली. 'माझ्यासारखी तूही सोड' असे भावाला म्हटले नाही, हे ध्यानात घ्या. गृहस्थांचे डोळे भरून आले. नमस्कार करून ते गेले आणि आम्ही मात्र पायरीवरच बसून राहिलो.

कारण आम्हासही एक धाकटा भाऊ आहे, आणि त्याच्याशी आम्ही अकरा वर्षे बोललो नव्हतो.

वाद सामाईक विहिरीच्या पाळीचा. एका उन्हाळ्यात त्याने एक पाळी जास्त घेतली आणि आम्ही चार लोकांत त्याला नको ते बोललो. आमची बाजू खरी होती असे आजही वाटते. तेच तर दुखणे. पाठशाळेत आम्ही व्याकरण घोकले आहे. 'क्षमा' शब्दाचा धातू विचारा, उभ्या उभ्या सांगू. गळ्यात वीणा घालून याच विषयावर किती निरूपणे केली त्याचा हिशेब नाही.

विद्येचे आणि रागाचे वैर नसते, याची साक्ष याच करवीरात आहे. संत बहिणाबाई अकरा-बारा वर्षांच्या असताना येथे राहात होत्या. नवरा वेद जाणणारा, लोकांत मान असलेला. मुलगी लाडके वासरू घेऊन जयरामस्वामींच्या कीर्तनाला गेली, त्याची गावात चर्चा झाली, एवढ्यावरून त्याने तिला मारले. हे तिनेच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. पुढे वासरू गेले, आणि त्या शोकात तिला स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. एका पोळलेल्या जीवाचा आधार दुसऱ्या पोळलेल्या जीवाला मिळाला. नवराही नंतर आजारी पडला, तिनेच सेवा केली, आणि मग तो वळला.

कोणी म्हणेल, बुवा, आधी घर निवळू द्या, मग वीणा घ्या. आम्हास हे पटत नाही. तसे केले तर सारे फड बंद पडतील. वैद्यालाही ताप येतो, आणि म्हणून त्याचा काढा खोटा ठरत नाही. पण स्वतःचा हात तापलेला असता त्याने नाडी पाहिली, तर रोग्याचा ताप कळायचा कसा? आमचे तेच झाले. त्या गृहस्थांना कथा सांगण्याआधी आम्ही बोलून गेलो होतो, "तुमची बाजू खरी असेल तर अंगावर घेऊ नका." हे वाक्य तुकोबांचे नव्हे हो, आमच्या विहिरीचे होते!

आषाढीला नंदवाळच्या वाटेवर तेच गृहस्थ दिंडीत दिसले. आम्ही बाजूला घेऊन सारे सांगितले आणि ते एक वाक्य परत घेतले. जड गेले, टाळकरी ऐकत होते. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, मग हसले. "मग महाराज, आता आधी कोन जायचं? तुम्ही का मी?"

ते आधी गेले. श्रावणात निरोप आला की बांध आहे तिथेच आहे, पण भाऊ पंगतीला आला होता.

आम्हास दसरा उलटावा लागला. गावी गेलो तेव्हा भाऊ विहिरीवरच होता. आम्हास पाहून त्याने मोटार बंद केली. बराच वेळ कोणी बोलले नाही. शब्दांवर पोट भरणारे आम्ही, पण एक शब्द सुचेना. शेवटी तोच म्हणाला, "दादा, ऊन हाय. सावलीला बस."

बसलो. त्याच्या सुनेने चहा आणला. पाळीचा विषय अजून निघालेला नाही. कार्तिकी करून आलो की आम्हीच काढणार आहोत.