जागरण कोणाचं धरायचं?



परवा रविवारी महाशिवरात्र. म्हणून आज नेहमीचा क्रम मोडून गीतेच्या सहाव्या अध्यायातले १६ आणि १७ हे दोन श्लोक घेतो. दोन वर्षं यावर लिहायचं टाळत होतो, कारण लिहिलं तर माझी एक चूक सांगावी लागते.

भगवंत तिथे म्हणतात, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, फार जागणाऱ्यालाही नाही. माउलींचाही सांगावा तोच आहे: झोपेला तिच्या वेळी मान द्या, आणि जागायची वेळ आली तर तेही मापातच असू द्या. मग शिवरात्रीला आपण काय करतो? दिवसभर उपास आणि रात्रभर जागरण. इंजिनिअरिंगला असताना हा विरोधाभास मी मोठ्या ऐटीत आजीपुढे मांडला होता. ती भगर निवडत होती. म्हणाली, "वर्सातून एक रात जागलं तर त्याला फार म्हणत न्हाईत." खरं सांगायचं तर मुद्दा तिथेच संपला होता.

पण मी वर्षातून एक रात्र जागत नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, ऑन-कॉलची पाळी असते, महिन्याला आठ-दहा रात्री सहज जातात. जागणं हेच जर पुण्य असतं तर आमचा अख्खा फ्लोअर कैलासाला पोचला असता.

८ मार्च २०२४, शुक्रवार. शिवरात्र होती आणि रात्री बारानंतर आमचा रिलीजही होता. आजीला शब्द दिला होता की यंदा चारही प्रहर तुझ्याबरोबर बसतो. म्हणून गावी आलो, पाथर्डी तालुक्यात. आमच्याकडून वृद्धेश्वर जवळ. आम्ही म्हातारदेव म्हणतो. दिवसा दर्शन झालं, रात्री घरीच पूजा मांडली. पहिल्या प्रहराला दूध, दुसऱ्याला दही, तिसऱ्याला तूप, चौथ्याला मध. आजी पिंडीपुढे, मी भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. चुलते, म्हणजे आबा, कांद्याला दारं धरायला रानात गेले होते. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बिबट्या दिसल्याचं गावात बोललं जात होतं.

आजीने दोनदा सांगितलं, आबाला फोन लाव. दोन्ही वेळा मी "हो, लावतो" म्हणालो. एकदा तर तिच्याकडे न बघताच. मीटिंग चालू होती, फोन सायलेंटवर होता. रिलीज साडेतीनला पार पडला. नीट झाला. ग्रुपवर अंगठे आले. मग फोन पाहिला तर आबांचे दोन मिस्ड कॉल, २ वाजून १० मिनिटांचे.

बांधावरून पाय घसरून घोटा मुरगळला होता. उठता येईना. मोटार चालू, पाणी वाफ्याबाहेर चाललेलं, बॅटरीचा उजेड उतरत आलेला. मी लावलेला फोन लागला नाही. शेजारच्या रानातला एकजण त्यांना मोटारसायकलवर घालून घेऊन आला तेव्हा उजाडायला आलं होतं. मी म्हटलं, तिसऱ्यांदा का नाही लावला? आबा म्हणाले, "तू कामात असशील." रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, येताना पूर्वेला चंद्राची बारीक कोर दिसली, लई साजरी दिसत होती.

ती कोर मी पाहिली नव्हती. शिवरात्र येते वद्य चतुर्दशीला, अमावस्येच्या आदल्या रात्री. चंद्र ही मनाची देवता मानली आहे, आणि या रात्री त्याची एवढीशीच कला उरलेली असते. शंकराने तेवढीच माथ्यावर धरली. योगमार्गातले लोक याचा अर्थ असा घेतात की मनाची चळवळ कमी होत होत शेवटच्या कलेवर येते तेव्हा साधकाने झोपून जायचं नाही. दर वर्षी मोबाईलवर एक मेसेज फिरतो, की या रात्री ग्रहांमुळे ऊर्जा आपोआप वर चढते, तुम्ही फक्त पाठीचा कणा ताठ ठेवा. मला ते "आपोआप" पटत नाही. याच सहाव्या अध्यायावर बोलताना माउलींनी कुंडलिनीचं वर्णन केलं आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. त्यात आसन आहे, बंध आहेत, कष्ट आहेत. फुकट काही दिसत नाही.

आणि माउलींची परंपरा नाथांची. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. आदिनाथ म्हणजे शंकरच. (आमच्याकडे साखर कारखान्याच्या वसाहतीचं नावसुद्धा आदिनाथनगर.) मढीला कानिफनाथांची समाधी आहे. तिकडे लहानपणी गेलो की कानात कुंडलं घातलेले साधू दिसत, त्यांची भीती वाटायची. हठयोगप्रदीपिकेचा शेवटचा अध्याय नादानुसंधानावर आहे, आतला नाद ऐकण्यावर. जागायचं ते ऐकण्यासाठी, असं हा मार्ग सांगतो. माझ्या कानात त्या रात्री बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन होते. चांगले महागाचे.

बरेच दिवस मी स्वतःला एक सोपं उत्तर देत होतो: पोटासाठी जागणं ते जागरण नाही, देवासाठी जागणं ते जागरण. दुसऱ्या अध्यायातला ६९वा श्लोकही सोयीचा होता. सगळे प्राणी जिथे जागे, ती मुनीची रात्र. म्हणजे माझा लॅपटॉप ही रात्र, आजीची पिंड हा दिवस. पण मग आबांचं काय? ते कांद्यासाठीच जागले होते. आणि शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायातला व्याध? तो तर शिकारीसाठी जागला!

ही कथा मला आधी बग वाटायची. माणूस बेलाच्या झाडावर बसतो, पानं तोडून खाली टाकतो, खाली योगायोगाने पिंड, आणि चुकून झालेल्या पूजेला मोक्ष. चुकीच्या इनपुटला बरोबर आउटपुट. त्या रात्रीनंतर कथा परत वाचली तेव्हा दुसरंच दिसलं. बाण लावलेला असताना हरिणी बोलते. गाभण आहे, पिलं सोपवून परत येते म्हणते. याच्या घरी पोरं उपाशी, हाही उपाशी, आणि तरी तो ऐकतो. धनुष्य खाली करतो. पुन्हा दुसरं जनावर येतं, पुन्हा ऐकतो. पानं खाली पडत होती ती पडत होतीच, पण तो बदलला तो या ऐकण्याने, असं मला वाटतं. पोथी पुण्य बेलपत्राच्या आणि उपासाच्या खात्यावर टाकते. पोथीशी वाद घालायची माझी योग्यता नाही. तरी मला त्या कथेत मोठी जागा तीच दिसते, जिथे बाण सुटत नाही.

तोही पोटासाठीच जागा होता, माझ्यासारखाच. म्हणून नोकरीवर ढकलून मला सुटता येत नाही. रिलीज चालू असताना एक फोन लावायला कितीसा वेळ लागतो? मॅनेजरने अडवलं नव्हतं. आजीचा आवाज माझ्यापर्यंत आला होता, मी त्याला "हो" म्हटलं होतं.

आबांचा घोटा थंडीत अजून दुखतो. ते त्यावर बोलत नाहीत.

यंदा रविवारी ऑन-कॉल दुसऱ्याकडे दिला आहे. गावाकडे लाईट पुन्हा रात्रीचीच आहे, गव्हाला पाणी द्यायचंय. काल आजीला फोन करून विचारलं, तुझ्याबरोबर पूजेला बसू का आबांबरोबर रानात जाऊ? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं लाईन कट झाली. मग म्हणाली, "पहिल्या प्रहराला बस. दूध घाल पिंडीवर. मग जा त्याच्यासंगं. आन् बॅटरी दुपारीच चार्जिंगला लाव, रात्री घरातली लाईट जाते."