तालपुटाचा प्रश्न

तालपुट हा नटमंडळींचा प्रमुख. राजगृहाच्या वेळुवनात तो बुद्धांपुढे येऊन बसला. रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना रिझवणारा नट मेल्यावर हसणाऱ्या देवांच्या लोकात जातो, असं जुने नटाचार्य सांगत आले. त्याबद्दल आपलं काय म्हणणं, असं त्याने विचारलं. बुद्धांनी दोनदा उत्तर टाळलं. तिसऱ्यांदा मात्र सांगितलं, की माणसं राग, द्वेष, मोहाने आधीच बांधलेली असतात आणि नट त्याच गाठी आणखी आवळतो. स्वतः मत्त, प्रमत्त होतो, इतरांनाही तसंच करतो. त्याची गती नरकाची. तालपुटाला रडू कोसळलं. निकाल ऐकून नव्हे. आपल्याच आचार्यांनी इतकी वर्षं फसवलं म्हणून.

संयुत्तनिकाय या पाली ग्रंथातली ही गोष्ट सांभाळणाऱ्या श्रीलंकेत आजही पोयाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी पांढरी वस्त्रं नेसून अष्टशील घेणारे उपासक नाच, गाणं, खेळ पाहणं वर्ज्य करतात. मग त्याच देशाने एका नटीला आईच्या जागी कसं बसवलं?

ही नटी म्हणजे इरांगनी सेरसिंघे. जन्म १९२७चा. माहेर मीदेणियांचं, बड्या घराण्यातलं. विद्यापीठात प्राध्यापक लुडोवाइक यांच्या हाताखाली इंग्रजी नाटकं केली, पुढे ब्रिस्टल आणि लंडनमध्ये अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतलं. अशी बाई १९५६मध्ये दिग्दर्शक लेस्टर जेम्स पिरीस यांच्या ‘रेखावा’ या चित्रपटात खेड्यातल्या सेनाची आई झाली. वय तेव्हा जेमतेम एकोणतीस.

रेखावा म्हणजे रेषा, हातावरची. उंच काठ्यांवर चालणारा एक खेळवाला सेनाचा हात पाहून हा मोठा वैद्य होणार असं भाकीत करतो. पुढे आंधळी झालेली मैत्रीण त्याच्या स्पर्शाने पाहू लागते आणि गाव त्याला डोक्यावर घेतं. मग एक मूल दगावतं, पाऊस ओढ देतो, आणि तेच गाव त्याच्यावर उलटतं. मद्रासच्या स्टुडिओंची सवय असलेल्या सिंहली सिनेमाने इथे प्रथमच उघड्या उन्हात, खऱ्या गावात कॅमेरा लावला. १९५७मध्ये चित्रपट कानच्या स्पर्धेत गेला.

त्यानंतर सहा दशकं इरांगनी पडद्यावर बहुतेक आई, मग आजीच होत राहिल्या. नायिकेच्या मागे उभं राहायचं आणि घराचा भार उचलायचा, असं हे काम. मला वाटतं, तालपुटाला मिळालेलं उत्तर नेमकं इथे तपासून पाहावं. बुद्धांचा आक्षेप वेषांतरावर नाही, नशेवर आहे. आणि चरित्र अभिनेत्रीजवळ चढवायला नशाच फारशी नसते. उच्चभ्रू घरातली बाई स्वतःची बोली, चाल, ऐट बाजूला ठेवून कुणाची तरी अम्मा होते, दुसऱ्या चित्रपटात दुसऱ्याच कुणाची. ‘मी’ हा काही काळ अंगावर घेतलेला वेष आहे, हे अनात्मवादाचं म्हणणं तिच्या रोजच्या कामात घडत असतं. उपासकाचं शील यामुळे खोटं ठरत नाही. पोयाच्या दिवशी डोळे मिटणं हा त्याचा अभ्यास आहे. पण प्रत्येक नट नरकाची वाट चालतो, हे मला या एका कारकिर्दीपुढे मान्य करता येत नाही.

तालपुट पुढे भिक्खू झाला, अर्हत झाला. थेरगाथेत, म्हणजे भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, त्याच्या पन्नासहून अधिक गाथा आहेत, आणि त्यांत तो आपल्याच मनाशी बोलतो, त्याला दटावतो. आपल्या मनाच्या श्लोकांची आठवण यावी असं ते बोलणं. रंगमंच सुटला होता, स्वगत सुटलं नव्हतं.