उघडीप

भाताच्या खाचरात कोळी किती, हे एरवी दिसत नाही. भाद्रपदातली झड सरते, पहाटे दव पडतं, आणि शेंड्याशेंड्याला बांधलेली जाळी एकदम नजरेत भरतात. आदल्या दिवशीच्या पावसानं त्यातलं एकही धड ठेवलेलं नसतं. पण जाळं विणणारा कोळी तुटका धागा पुष्कळदा खाऊन टाकतो आणि त्याच भांडवलावर रातोरात नवं विणतो. बारकी पिल्लं तर पात्याच्या टोकावर चढून धागा सोडतात आणि वाऱ्याबरोबर पार दुसऱ्याच्या खाचरात जातात. बांधाबिंधाची भानगड त्यांना नाही, फक्त वारा मंद लागतो. जाळं न विणणारा लांडगा कोळी खाली बुडख्याशी असतो. पाण्यावरून पळत तुडतुडे धरतो.

आमचे तात्या म्हणायचे, "पाऊस काय कमी कोळी मारतो व्हय? मग माझ्या एका पंपानं काय बिघडतंय?"

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मेलेल्या कोळ्याला काय फरक, कुणी मारलं याचा? आणि कोळी तरी कुठं साधू आहे! तुडतुडा सापडला तर तुडतुडा, मधमाशी सापडली तर मधमाशी. 'शेतकऱ्याचा मित्र' हे नाव आपण आपल्या सोयीनं दिलं. मग आपण त्याचं काही देणं लागतो का?

मला वाटतं, लागतो. पाऊस कोळ्याला झोडपतो तसा तुडतुड्यालाही झोडपतो, आणि मग उघडीप देतो. आपण पंप पाठीवर घेतो तो नेमका त्या उघडिपीत, कारण पावसात औषध धुऊन जातं. कोळ्याला सावरायला मिळणारी ती एकच सकाळ असते. शिवाय तुडतुड्याची अंडी खोडाच्या पापुद्र्यात दडलेली, ती बहुतेक वाचतात. आठवड्याभरात पिल्लं निघतात, तेव्हा त्यांना धरणारं कुणी उरलेलं नसतं. इंडोनेशियात तुडतुडा असाच माजला, आणि 1986 मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली.

तात्यांना इंडोनेशियाचं काही पटलं नाही, लांबचा मुलूख. अंड्यांचं मात्र पटलं. "मंग आधी चूड उघडून बघू," म्हणाले.

चिखलात उकिडवं बसून आम्ही दहा-बारा चूड तपासले. तुडतुडे होते, पण थोडे. कोळीही होते, एकीच्या पाठीवर तर पिल्लांचा सगळा बाजार बसलेला. पंप त्या दिवशी पडवीतच राहिला. सांजच्याला पुन्हा पाऊस आला.