विंचू, चिंचोका आणि महाड

मोबाइलवर ‘विंचू चावल्यास उपाय’ शोधलं की चिंचोका, कांदा, मंत्र, सगळं हजर! ‘मला गुण आला’ म्हणणारेही भेटतात. ते खोटं बोलतात असं नाही. पुष्कळ दंशांत नुसती आग होते आणि आपोआप ओसरते; श्रेय चिंचोका घेऊन जातो.

लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याच्या विषाने हृदय कोलमडू शकतं. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण पाहिले, नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला.

पण ते तिथेच थांबले नाहीत. २०११ च्या ‘बीएमजे’मध्ये महाडच्याच ७० रुग्णांचा अभ्यास आहे. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला प्रतिविष. दहा तासांत पूर्ण सावरले पहिल्या गटातले ८, दुसऱ्यातले ३२. स्वतःच्याच उपचारात त्यांनी अशी भर घातली.

म्हणून मजकुराखालची तारीख बघावी. लिहिणारा कोण, रुग्ण किती, तुलना कशाशी, हेही. चिंचोक्याच्या व्हिडिओत यातलं काहीच नसतं. तेलाची बाटली मागवायचा नंबर मात्र ठळक असतो.

अर्थात ही छाननी निवांतपणी करायची. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं, तर त्याच मोबाइलवरून १०८ लावायचा आणि रुग्णालय गाठायचं.